धरून ठेवलेला क्रमांक

विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी क्रमांक देते. इंटरनेटवर ठेवलेला प्रबंध असो की नकाशा, प्रत्येकाला एक कायमचा क्रमांक. वस्तूची जागा बदलली की मी नोंदीत नवा पत्ता घालते. क्रमांक तोच राहतो आणि शोधणारा बरोबर पोचतो. वस्तू नष्ट झाली तरी क्रमांक पुसत नाहीत. तिथे एक पान लावतात, 'ही वस्तू आता उपलब्ध नाही.' त्याला आम्ही आपसात थडगं म्हणतो. दिलेला क्रमांक मागे घेता येत नाही, हे नव्या माणसांना मी घसा कोरडा होईपर्यंत सांगते.

आणि मीच शहाणी, नवऱ्याचा प्रबंध पुरा व्हायच्या आधीच त्याला क्रमांक देऊन बसले. गावं उठून गेल्यावर मागे उरलेल्या विहिरी, हा त्याचा विषय. पाच प्रकरणं झाली होती, सहावं पुढच्या आठवड्यात होणार होतं, आणि तो पुढचा आठवडा तीन वर्षं चालला होता. वैतागून, गाडीत रुमाल टाकून जागा धरावी तसा मी क्रमांक टाकला. म्हटलं, आता तरी लाजेकाजेस्तव लिहील. महिन्याभरात तो गेला. चहा पिता पिता, बसल्या जागी. त्याचा संगणक मी कपाटात ठेवला तो पुन्हा उघडलाच नाही.

रोज सकाळी यंत्र तुटलेल्या क्रमांकांची यादी काढतं. दोन वर्षं त्यात पहिला तोच असायचा: 'सापडत नाही.' मला काय ते माहीत नव्हतं?

"अगं, शुक्रवारी तपासणीला माणसं येतायत," आमच्या ग्रंथपालबाई म्हणाल्या. "थडगं लाव आणि मोकळी हो. तुला जमत नसेल तर मी लावते."

"मीच लावीन," मी म्हटलं. पण 'आता उपलब्ध नाही' हे त्याच्याबद्दल स्वतःच्या बोटांनी टाइप करायचं? हात धजेना.

बुधवारी तो क्रमांक यादीत नव्हता. बाईंनी परस्पर लावलं म्हणून माझं डोकं फिरलं. रागारागाने क्रमांक उघडला, तर समोर थडगं नव्हतं, प्रबंध होता. नवऱ्याचं नाव, पाच प्रकरणं आणि खाली सहावं.

सहाव्यात एक कोरडी विहीर होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी आम्ही दोघंच तिथे गेलो होतो. मी आत वाकून त्याच्या नावाने हाक मारली होती आणि प्रतिध्वनी काही आला नव्हता. आम्ही पोट धरून हसलो होतो. ही गोष्ट कुणालाच सांगितलेली नव्हती. प्रकरणात लिहिलं होतं, 'विहीर खोल आहे, हाक पोचायला वेळ लागतो. आता ऐकू आली.'

नोंद पाहिली. पत्ता माझ्याच खात्यातून घातला होता, मंगळवारी सकाळी अकरा वाजता.

"अकराला तर तू माझ्यासमोर बसून फायली लावत होतीस," बाई म्हणाल्या. मग त्यांनी बाटली माझ्यापुढे सरकवली. "पाणी पी आधी."

गुरुवारी प्रबंधाच्या शेवटी ऋणनिर्देश आला होता. आभार सगळ्यात शेवटी लिहायचे, ते लिहिले की काम संपलं, असं तो नेहमी म्हणायचा. एकच ओळ होती: 'जिने माझी जागा धरून ठेवली, तिचं ऋण मी ठेवणार नाही.' मी टेबलावर डोकं टेकून रडले. भीती वाटली नाही, खोटं कशाला बोलू, आनंदच झाला. प्रबंध पुरा झाला होता आणि थडगं लावावं लागणार नव्हतं.

शुक्रवारी तपासणीची माणसं यायच्या आधी बाईंनी यादी काढली.

"वा, सगळे नीट आहेत. हा एवढा एकच तुटलाय. कालच दिलेला दिसतोय."

मी वाकून पाहिलं. वस्तू: अजून आलेली नाही. देणारा म्हणून माझ्या नवऱ्याचं नाव होतं, ज्याचं आमच्याकडे कधी खातंच नव्हतं. आणि ज्याच्यासाठी जागा धरली होती, तिथे माझं.

"हा कसला भलताच प्रकार!" बाईंचा आवाज चिरकला. "काढून टाक गं तो, आत्ताच्या आत्ता काढ!"

"बाई," मी म्हटलं, "दिलेला क्रमांक काढता येत नाही."