माझ्या मीटरवरचे दहा किलोमीटर

मित्रांनो, रंजिता निवड चाचणीत पहिली आली. हे तुम्ही ऐकलेलंच नाही असं समजा. अजून काहीच झालेलं नाही. मी एक जुनी मोपेड आहे आणि पहाटेच्या लोणखेडा रस्त्यावरून जेमतेम माणसाच्या वेगाने चालले आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण जन्माचं सार्थक हेमकांत सरांनी केलं. ते कॉलेजच्या लांब पल्ल्याच्या धावपटूंचे प्रशिक्षक. मुलं पळत आणि सर माझ्यावर बसून शेजारून येत. वेगवान गाड्या पुष्कळ होत्या, पण इतकं मन लावून हळू चालणारी मी एकटीच. सर कौतुकाने माझी सीट पुसत.

एकदा माझा मीटर बंद पडला. म्हसावदच्या हिलाल मिस्त्रींनी कुठल्याशा दुसऱ्या गाडीचा काढून बसवला. रंग जुळला, म्हणून कोणी काही विचारलं नाही. मुलांचे दहा किलोमीटर सर त्याच्यावरच मोजत.

रंजिता अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यातली. तिच्या वडिलांनी, रूपसिंगभाऊंनी बजावलं होतं, की यंदा विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर शीक, नाहीतर आमच्याबरोबर ऊसतोडीला चल. दहा किलोमीटर चाळीस मिनिटांत हवे होते. तिला रोज शेहेचाळीस लागत.

एका सकाळी ती पळता पळताच म्हणाली, "सर, माझं नाव देऊ नका. सहा मिनिटं काय झाडाला लागतात? मी जाते गुजरातला. तिथं निदान ऊस तरी पुढे पळत नाही."

दहावा किलोमीटर चालू होता. सर मीटरकडे न बघता तिचा श्वास ऐकत होते.

"पोरी, पाव तास व्हयना, तू मन्हासंगे भांडी ऱ्हायनी. एकदा तरी दम लागना का?"

"नाही."

"मंग तू थकेल नई शे. घड्याळनं मी पाही लिसू. नाव देस मी."

चाचणीत ती एकोणचाळीस मिनिटांत पहिली आली, आणि थांबलीच नाही. दोन पंच मागे धावले. त्यांची तयारी नव्हती. दीड किलोमीटर पुढे ती आपणहून थांबली आणि म्हणाली, "बाकीच्या कुठे आहेत?"

मग सरांनी टेप लावून रस्ता मोजला. माझे दहा किलोमीटर साडेअकरा भरले.

"बेटा, तू रोज दीड किलोमीटर जास्त पयनी. चूक मन्ही व्हती," सर सगळ्या मुलांसमोर म्हणाले. इतर प्रशिक्षक यशाचं रहस्य विचारायला आले, त्यांनाही सरांनी हेच सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

रूपसिंगभाऊंनी एवढंच विचारलं, "दीड किलोमीटर रोज फुकट पळवलं पोरीला?" आणि तिला कॉलेजात ठेवून ते एकटेच परत गेले.

आता सरांकडे नवी गाडी आहे. मी मैदानामागच्या शेडमध्ये उभी असते. कोंबड्या बसतात, माझी तक्रार नाही. फक्त पहाटे पावलांचा आवाज लांबून येतो आणि कोण थकलं, कोण नाही, ते नीट कळत नाही.

सबब मा. प्राचार्य महोदयांना विनंती, की अर्जदार मोपेडीस दररोज पहाटे साडेपाच वाजता, विनापेट्रोल, धावपटूंच्या शेजारून ढकलत नेण्यात यावे. सदर कामी एक दमदार कर्मचारी कायमस्वरूपी नेमावा, आणि या अर्जाची पोच कोंबड्यांना हलवून सीटवर ठेवावी.