घोट्याच्या आतली जागा

अर्ध्या गावातल्या बायकांची पोटं माझ्या हाताखालून गेली आहेत. कुणाचं गर्भाशय खाली सरकलेलं, कुणाची पाळी अडलेली, कुणी ओल्या बाळंतपणात गार पाण्यात हात घातला म्हणून कंबर धरून आलेली. पोटावर हात ठेवला की मला त्या घरातलं सगळं कळतं. नवरा लाथा घालतो हे कळायला तर कुणाला माझ्यापुढे रडावं लागत नाही.

रुइझेनला तिच्या नवऱ्यानं, देबाओनं, अशाच लाथा घातल्या होत्या. देबाओ डुकरांचा खाटीक, बाजाराच्या टोकाला त्याचं दुकान. त्या काळी सरकार एकाच मुलाची परवानगी देई, आणि याला ते एक मूल मुलगाच हवं होतं. गरोदर बाईला आंबट खावंसं वाटलं तर मुलगा आणि तिखट खावंसं वाटलं तर मुलगी, असं आमच्याकडे मानतात. रुइझेननं शेवयांवर व्हिनेगर ओतायचं सोडून लाल तिखट घातलं. सासूनं ते पाहिलं आणि लेकाच्या कानात सांगितलं. मूल गेलं. पुढचा सगळा हिवाळा मी त्या पोरीचं पोट भाजलेल्या मिठानं शेकत होते आणि देबाओला शिव्या घालत होते.

त्याच्या पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात, भरदुपारी, तोच तिला दंडाला धरून माझ्या दारात घेऊन आला.

“ताओमावशी, हिचं रक्त अडलंय. पाडून टाका.”

“तू कधीपासून वैद्य झालास? बाहेर बस. इथे पुरुषांचं काम नाही.”

“मी इथेच थांबणार,” असं म्हणून तो दाराला पाठ लावून उभा राहिला.

बाहेर बाकावर गुईफेन आपला नंबर लागायची वाट बघत बसली होती. अंगानं भरभक्कम बाई, पण एका मुलाचा नियम यायच्या आधीच्या चार बाळंतपणांनी गर्भाशय खाली आलेलं. भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही, असं मी तिला बजावलं होतं. तिच्याच शेकासाठी चुलीवरच्या कढईत मीठ भाजत होतं.

मी रुइझेनला झोपवलं, अंगावर रजई घातली. “पाळी आली होती का गं?”

“आली होती, मावशी,” ती छताकडे बघत म्हणाली.

“थोडीशीच आली,” देबाओ मध्येच म्हणाला. “बाकीचं आत अडकलंय.”

असं होतं कधीकधी. त्यावर उपायही आहे. घोट्याच्या आतल्या बाजूला, चार बोटं वर एक जागा आहे. तिथे अंगठा रोवला की अडलेलं रक्त खाली येतं. गरोदर बाईच्या त्या जागेला मात्र चुकूनही हात लावायचा नाही, आमच्या धंद्यात हे सगळ्यात आधी शिकवतात. मी रजईखाली हात घालून तिचा पाय धरला आणि अंगठा त्या जागेवर ठेवला.

तिनं उठून माझं मनगट पकडलं. नखं रुतवली. मग रजईखालूनच माझा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला. बेंबीच्या बऱ्याच खाली एक घट्ट गोळा लागला.

पोर गरोदर होती. तीन महिने होईपर्यंत पोटातल्या मुलाचं नाव तोंडातून काढायचं नाही, बोललं तर ते टिकत नाही, ही आमची रीत. पोरीनं ती माझ्यापुढेही पाळली होती. आणखी एक क्षण गेला असता, तर मीच ते मूल पाडलं असतं. तिचा राग आला, माझा आला, आणि दारात उभ्या असलेल्या त्या मेल्याचा तर असा आला की विचारू नका.

मी अंगठा बाजूला सरकवला, नुसत्या मांसावर जोर दिला आणि तिच्याकडे डोळे वटारून बघितलं. शहाणी पोर. तिनं भोकाड पसरलं.

“तिथे नाही,” रजईखालच्या माझ्या हाताचा उंचवटा बघत देबाओ पुढे येत म्हणाला. “आणखी वर. आईनं दाखवलंय मला.”

“मला शिकवतोस होय रे?”

“मावशी, नाटकं बंद करा. हिनं मला रक्ताची फडकी दाखवली. डुकराच्या रक्ताची! तेही माझ्याच दुकानातल्या! खाटकाला रक्ताचा वास कळत नाही काय? आणि उशीखाली तिखटाची पुडी सापडली.”

“मग घरीच लाथ घालायची होतीस, मागच्यासारखी.”

“लाथेचा वळ दिसतो. मागच्या वेळी हिचा भाऊ कुऱ्हाड घेऊन आला होता. अंगठ्याचा वळ कोण बघतंय? बाजूला व्हा.”

त्यानं रजई फेकली आणि तिचा घोटा धरला. जन्मभर डुकरांचे पाय सोलून काढलेला माणूस, त्याला जागा पहिल्याच झटक्यात सापडली. रुइझेन किंचाळली. या वेळी ते नाटक नव्हतं.

आखडलेल्या कमरा मी कोपरानं मोकळ्या करते. तेच कोपर मी सगळं वजन घालून त्याच्या नाकावर हाणलं. हाड मोडल्याचं मला कोपरात कळलं. त्यानं उलट्या हातानं मला अशी ठेवून दिली की मी कपाटावर आदळले आणि पुढचा दात तोंडात सुटा झाला. तो नाकातून रक्त गाळत पुन्हा तिच्या पायावर वाकला. तिनं दुसऱ्या पायानं त्याच्या गळ्यावर लाथ मारली. त्यानं तिच्या मांडीवर ठोसा घातला, मग पोटावर घालायला मूठ उचलली.

मी चुलीवरची कढई उचलली आणि ते सणसणीत तापलेलं मीठ त्याच्या तोंडावर फेकलं.

डुक्कर कापताना ओरडतं ना, तसाच तो ओरडला. डोळे धरून गरगर फिरला. मग रिकामी कढई मी दोन्ही हातांनी त्याच्या डोक्यात घातली. एकदा घालून समाधान झालं नाही म्हणून परत घातली. तो दारासकट बाहेर कोसळला, थेट गुईफेनच्या पायाशी. उठायला लागला तशी ती त्याच्या पाठीवर जाऊन बसली.

“अगं, तुला जोर करायचा नाही सांगितलंय ना!” मी ओरडले.

“उचलू नको म्हणालात, मावशी. बसू नको कुठे म्हणालात?”

तेवढ्यात आतून रुइझेनची हाक आली. “मावशी... रक्त.”

चादरीवर, तिच्या दोन्ही पायांच्या मध्ये, रक्ताचा मोठा डाग होता. तिची विजार चाचपली, ती कोरडी वाटली, पण माझी बोटं माझ्याच तोंडातल्या रक्तानं भरलेली, त्यांच्यावर विश्वास बसेना. रुइझेन मात्र उठली. डाग पडलेली चादर ओढून काढली, बाहेर गेली आणि देबाओच्या सुजलेल्या तोंडापुढे धरली.

“हुंग,” ती म्हणाली. “तुला वास कळतो ना? कुणाचं आहे सांग.”

त्यानं तोंड फिरवलं. गुईफेननं बूड जरा उचललं आणि धपकन पुन्हा टेकवलं.

“माझं,” तो कण्हला. “माझंच आहे.”

रुइझेन तिथेच उंबऱ्यावर बसली. बराच वेळ दोन्ही हात पोटावर धरून रडली. मग बाहीनं नाक पुसलं, त्याच्याकडे नीट बघितलं आणि त्याला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली, “मावशी, भूक लागलीय. शेवया करा ना. आणि तिखट घाला, भरपूर.”