गँगमनचा पाळणा

कोंडाजी रेल्वेतून रिटायर झाला, तेव्हा टाकव्याच्या लोकांना वाटलं, म्हातारा आता ओट्यावर बसून विड्या ओढील आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला घाटातल्या गोष्टी सांगून पिडील. गोष्टी त्याने सांगितल्याच. पण गप बसणं काही त्याला जमलं नाही. तीस वर्षं खंडाळ्याच्या घाटात गँगमन म्हणून रूळ ठोकलेले हात ते, मांडीवर घडी करून ठेवायचे कसे? पहिल्याच महिन्यात तो लोणावळ्याच्या बाजारातून एक जुनी करवत, एक रंधा आणि एक पटाशी घेऊन आला. "आता घरातलं समदं लाकूडकाम मी करनार," त्याने बायकोला सांगून टाकलं.

कस्तुराबाई भाकरी थापत होती. मान वर न करता ती म्हणाली, "करा की. भाकरी मातूर मीच करते."

पहिल्यांदा त्याने स्टूल केलं. ते डुगडुगलं म्हणून एक पाय कापला, मग दुसरा जास्त वाटला म्हणून तो कापला, आणि असं करत करत चार दिवसांनी त्या स्टुलाचा पाट झाला. कस्तुराबाईने तो जेवायला मांडून टाकला आणि वर म्हणाली, "पाट ब्येस झालाय." मग पाण्याच्या भांड्यांसाठी घडवंची झाली. कुणी अंगणातून चाललं तरी तिच्यावरचे हंडे एकमेकांशी बोलायला लागत. खुर्ची केली ती अशी मागे कललेली, की बसणारा आढ्याकडे बघतच बसायचा. पण कोंडाजी खुशीत होता. काम झालं की जमिनीवर आडवा व्हायचा, एक डोळा मिटून रुळाची लाईन बघावी तशी फळी बघायचा आणि स्वतःलाच "ठीक हाय" म्हणायचा. रंध्यातून निघणाऱ्या ढलप्या मिशांत अडकलेल्या असायच्या. असा सुखी माणूस त्या साली, म्हणजे सन सदुसष्ट साली, उभ्या आंदर मावळात दुसरा नसेल.

त्याच साली माघात लेकीला, नंदाला, चौथा महिना लागल्याचं कळलं. तिची सासू सावित्राबाई तळेगावची. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आषाढात टाकव्याला. कोंडाजीने लगेच जाहीर केलं, "पाळना मी करनार."

कस्तुराबाईचा हात पिठातच थांबला. या एका शब्दामागे त्या घरात एक जुनं दुखणं होतं. नंदा जन्मली ती घाटात, गँगच्या पत्र्याच्या खोलीत. कोंडाजी तेव्हा रोज म्हणायचा, फुडल्या महिन्यात पाळणा आणतो. पुढचा महिना कधी आलाच नाही. आज दरड पडली, उद्या मालगाडी घसरली, कोंडाजी आपला लाईनवर. लेक वाढली ती आईच्या फाटक्या लुगड्याच्या झोळीत. ती झोळीही कस्तुराबाईनेच हलवली. कोंडाजीने आपल्या लेकीला एकदाही झोका दिला नव्हता, आणि हे त्याला आतल्या आत सलत होतं. नंदा चालायला लागल्यावर त्याची हिरवी बावटी घेऊन खोलीच्या दारात उभी राहायची आणि जाणाऱ्या प्रत्येक गाडीला ती दाखवायची, तेवढाच बापलेकीचा खेळ.

"करा," कस्तुराबाई म्हणाली. "पर एक सांगते. पाळना डुगडुगला तर मी झोळी बांधीन, आन् तुमची ती करवत-रंधा दत्तोबाच्या घरी पोचवीन. नातीच्या नायतर नातवाच्या जिवाशी ख्योळ न्हाई."

"पोचव," कोंडाजी म्हणाला. बोलून गेला, आणि मग त्याला रात्रभर झोप नाही.

दत्तोबा हा गावचा सुतार आणि कोंडाजीचा लहानपणापासूनचा सोबती. गावातला प्रत्येक पाळणा त्याच्या हातचा, आणि बारशाला नारळ-टॉवेलाचा मान त्याचा. तो मान आपल्या मित्राच्याच घरी बुडणार हे त्याला लागलं असणारच, पण तसं न दाखवता वैशाखातल्या एका दुपारी तो काम बघायला आला. कोंडाजी घामाने निथळत बसला होता. बांधावरचा आंबा दोन वर्षांमागे वादळात पडला, त्याच्या सात फळ्या त्याने तळाला घेतल्या होत्या. कडेच्या चौकटीला खाच पाडून त्यात त्या एकीला एक भिडवून अशा ठोकून बसवल्या होत्या, की मधून मुंगी जाणार नाही. हे एवढं एकच काम त्याला आयुष्यात असं बिनचूक साधलं होतं.

दत्तोबाने तळावरून बोट फिरवलं. "फळ्यांमधी फट न्हाई ठिवली?"

"फट कशाला?" कोंडाजी म्हणाला. "आरं, थंडीत रूळ जोडला तर फट सोडायची, कारन उन्हाळ्यात त्यो वाढतो. ऐन वैशाखात जोडला तर चिकटून जोडायचा. जे काय वाढायचं ते आता वाढलंय. हितनं फुडं कमीच व्हनार."

"रूळ लोखंडाचा असतोय, कोंडाजी."

"मग? ऊन समद्यास्नी सारकंच."

"आंबा हाय त्यो. त्याला ऊन न्हाई फुगवत, पानी फुगवतंय. फट सोड. लेकराचं मुतबी निथळून जातं."

इथे कोंडाजीने गप बसायला हवं होतं. पण तीस वर्षं मुकादमाची बोलणी खाऊन आता कुठे तो आपल्या घरचा मुकादम झाला होता. तो म्हणाला, "तुझा नारळ बुडाला म्हनून तुला फट दिसतीया."

दत्तोबा उठला, धोतर झटकलं आणि चालू लागला. त्यानंतर बरेच दिवस तो त्या घराची पायरी चढला नाही. कोंडाजीलाही बोलल्याबरोबर पश्चात्ताप झाला होता, पण चूक कबूल करायला त्याच्या जिभेला नेहमीच उशीर लागायचा.

पाळणा झाला. साखळ्या, कड्या आणि बोल्ट म्हणजे त्याच्या हातचा मळ. ते असे बसवले की तुळई पडेल पण पाळणा पडणार नाही. आता हलवून बघायचा, तर कस्तुराबाई आडवी आली. रिकामा पाळणा हलवायचा नसतो. कोंडाजीने एक दिवस गुपचूप वरवंटा घेऊन त्यात ठेवला. कस्तुराबाईला चटणी वाटायला वरवंटा सापडेना, तेव्हा चोरी उघडकीस आली.

"ह्यो बारशादिवशी गोप्या म्हनून पाळन्यात जायाचा. त्याआधी न्हाई," तिने वरवंटा हिसकावून घेतला. मग पाळण्यावर घोंगडी टाकून तो दोरीने खांबाला आवळून ठेवला. बारशापर्यंत कुणी हात लावायचा नाही. कोंडाजी येता-जाता घोंगडीकडे बघून मिशीवर हात फिरवायचा.

आषाढ आला. आंदर मावळातला आषाढ म्हणजे मिठाचं पाणी होतं, काडी पेटत नाही, आणि अंगावरचं धोतर चुलीवर शेकून नेसावं लागतं. दाराची फळी चौकटीत अशी फुगून बसली, की रोज सकाळी खांदा लावल्याशिवाय दार उघडेना. खांदा लावायचा तो कोंडाजीच. दाराला शिव्या द्यायचाही तोच. पण दारही लाकडाचं आणि पाळणाही लाकडाचाच, एवढं काही त्याच्या डोक्यात आलं नाही. आपल्या हातच्या वस्तूला पाऊस लागत नाही असंच माणसाला वाटत असतं.

नंदाला मुलगी झाली. कोंडाजीने गावभर साखर वाटली.

बाराव्या दिवशी तळेगावची मंडळी गाडीने कान्हे स्टेशनात उतरून बैलगाडीतून आली. सावित्राबाईने बाळंतविडा आणला होता: झबली, टोपडी, एक लाल खण, एक हिरवा खण. माजघर बायकांनी भरलं. कस्तुराबाईने पहाटेच्या अंधारातच घोंगडी काढून पाळण्यात जाड गोधडी अंथरली होती. बाप्ये सगळे ओट्यावर. त्यांत एका कोपऱ्यात दत्तोबाही पाठ करून बसला होता. त्याला आवतण कस्तुराबाईने आपल्या मनाने धाडलं होतं, आणि बारशाच्या आवतणाला नाही म्हणायचं नसतं म्हणून तो आला होता. कोंडाजी त्याच्याकडे न बघता माजघराच्या दारात उभा होता. बायकांच्या कामात पुरुषाने डोकावू नये हे त्याला माहीत होतं. पण पाळणा त्याचा होता ना!

वरवंट्याला कुंची घातली, काजळ-कुंकू लावलं आणि बायकांनी त्याला पाळण्याच्या खालून-वरून फिरवून आत निजवलं. गोप्या निजला नाही. तो गडगडत गेला आणि कडेच्या फळीवर ठण्णकन आपटला.

बायका हसल्या. एकीने तो उचलून पुन्हा मधोमध ठेवला. तो आता दुसऱ्या बाजूला गडगडला.

"अगं बाई," सावित्राबाई म्हणाली, "हा पाळणा आहे की घसरगुंडी? की आमच्या पोरीला पहिल्याच दिवशी पळायला शिकवताय?"

माजघर खदखदलं. नंदाने मान खाली घातली. कस्तुराबाई हसली नाही. तिचे डोळे फडताळावरच्या जुन्या लुगड्याकडे गेले. तोवर बाळाची आत्या बाळाला घेऊन पुढे झालीच होती. "राहू दे गं आई, मी धरते तिला," म्हणत ती वाकली.

आणि कोंडाजीला दिसलं. गोधडी सरकली होती आणि सात फळ्या मधोमध वर आल्या होत्या, दोन्ही कडांनी दाबल्यावर दुसरीकडे जायला वाट नसली की वर येतात तशा. हे त्याने पाहिलं होतं. एकदा चैत्रातल्या भर दुपारी घाटात रूळ असाच उठला होता, आणि समोरून मालगाडी येत होती, आणि तो लाल बावटा घेऊन धावला होता. आताही त्याचे पाय तसेच धावले. तो बायकांमध्ये घुसला, समोरच्या ताटातला लाल खण उचलला आणि आत्याच्या नाकासमोर दोन्ही हातांनी ताणून धरला.

"थांबा! लाईन उठलीया!"

आत्या जागच्या जागी थांबली. कोंडाजी मात्र तसाच खण धरून उभा राहिला, आणि मग आपण काय केलं ते त्याला कळलं. खण खाली ठेवून तो वळला. ओट्यावर गेला. दत्तोबाच्या पाठीमागे उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दत्तोबा, तू म्हनला हुतास. मी ऐकलं न्हाई, आन् वर वंगाळ बोललो. माजं चुकलं. जरा पटाशी लागती तुजी."

"तुज्याकडं हाय की पटाशी," दत्तोबा पाठ न फिरवता म्हणाला.

"बोथट हाय."

दत्तोबाने सावकाश बंडीच्या आत हात घातला आणि कमरेला खोचलेली पटाशी बाहेर काढली. बारशाला येताना तो पटाशी खोचून आला होता! ओट्यावर एकच हशा उसळला, आणि त्यात सगळ्यात मोठ्याने हसला तो कोंडाजी.

मग दोघे म्हातारे बायकांच्या राज्यात शिरले. वरवंटा आणि गोधडी निघाली. दत्तोबा पाळण्याखाली बसायला लागला, तर कोंडाजीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू नुसतं सांग. हात मी लावतो." दत्तोबाने पटाशी त्याच्या हातात दिली. मधली फळी रडत-कुरकुरत खाचेतून बाहेर आली, आणि ती निघाल्याबरोबर बाकीच्या सहा फळ्या धपकन खाली बसल्या. बोटाने सरकवून त्यांच्यात सारख्या फटी पाडल्या, खाचेत पाचरी ठोकल्या, आणि कोंडाजीने जमिनीवर आडवं होऊन एक डोळा मिटला.

"ठीक हाय," तो म्हणाला. मग जरा थांबून दत्तोबाकडे बघितलं. "हाय का?"

"हाय," दत्तोबा म्हणाला. "आता झाला पाळना."

पुन्हा गोधडी, पुन्हा गोप्या. "आधी खडीची गाडी सोडा, मग मानसांची," कोंडाजी म्हणाला. गोप्या निजला तो निजलाच. पाळणा हलवून बघितला तरी हूं की चूं नाही. सावित्राबाईने फटीतून बोट घालून बघितलं आणि म्हणाली, "हे बरं झालं. ओली झाली तरी वारा लागेल." तिच्या तोंडून एवढं म्हणजे खूपच होतं.

आत्याने बाळाला निजवलं, कानात "कुर्र" करून नाव सांगितलं: पुतळा. बायकांनी दोरी कस्तुराबाईच्या हातात दिली, कारण पहिला झोका आजीचा. कस्तुराबाईने दोरी घेतली, क्षणभर धरली, आणि दारात मागे सरलेल्या नवऱ्यापुढे केली.

"धरा. लय वर्सं झाली, तुमची पाळी हाय."

कोंडाजीने धोतराला हात पुसून दोरी घेतली, पण ओढेना. एवढा मोठा माणूस, घाटातला, आणि तो वाकून पाळण्याच्या खालून बघायला लागला. "उठलं-बिठलं न्हाई ना कुटं?" त्याने हळूच विचारलं.

तेव्हा नंदा बाजेवरून पुढे वाकली. तिने ताटातला हिरवा खण उचलला, हात लांब करून बापापुढे धरला, आणि लहानपणी दारात उभी राहायची तशी ताठ होऊन म्हणाली, "आबा, लाईन किलेर. सोडा गाडी."

कोंडाजीने दोरी ओढली. नारळ-टॉवेल दत्तोबाला मिळाले, करवत-रंधा घरातच राहिले. उरलेल्या सातव्या फळीचं काय करायचं यावर संध्याकाळपर्यंत दोघे म्हातारे भांडत बसले होते.