सरळ केलेलं यंत्र

माझ्या सासूबाई बूट करतात. दुकानात मिळतात तसले नव्हेत. ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा दोन बोटं आखूड आहे, ज्यांची टाच लहानपणीच तिरकी झाली, ज्यांना कुठलाच तयार बूट आपलं म्हणत नाही, अशा माणसांचे. घराची पुढची खोली म्हणजे त्यांची कार्यशाळा. खिडकीशी कातडं कापायचं टेबल, भिंतीला टेकवलेले बुचाचे तक्ते, आणि कोपऱ्यात पांढऱ्याचा पिवळा झालेला एक कॉम्प्युटर. त्याच्यावर उशीचा जुना अभ्रा.

माझं काम सांगण्यासारखं नाही, पण पुढे गोष्टीत येतं म्हणून सांगतो. एका साप्ताहिकात मी संगणकाची निगा या विषयावर सदर लिहितो. धूळ कशी काढावी, पंखा कसा पुसावा, जुनं यंत्र कसं चालतं ठेवावं. वाचकांना त्याचा उपयोग होतो की नाही हे मला कधी कळलं नाही. घरात होत नाही, एवढं कळलेलं आहे.

सासूबाईंच्या यंत्रात गिऱ्हाइकांची मापं नव्हती. मापं वहीत होती. यंत्रात होत्या तक्रारी.

"माप काय, पाय समोर आला की पुन्हा घेता येतं," त्या म्हणायच्या. "माणूस आपलं दुखणं एकदाच नीट सांगतो. मग सवय करून घेतो आणि विसरतो."

म्हणून कोणी काही बोललं की त्या दोन बोटांनी टाइप करून ठेवत. 'चढताना नाही, उतरताना. डावीकडे. तिसऱ्या दिवसापासून.' मग बुचाचा एक पापुद्रा कमी, एक जास्त. एका नर्सबाईंचा बूट असा सात जोड आणि दोन वर्षं खाऊन जमला होता. तेवीस वर्षांच्या असल्या तक्रारी शेहेचाळीस फ्लॉप्यांवर होत्या. तळहाताएवढ्या त्या चौकोनी चकत्यांवर आजकालचा एक फोटोसुद्धा मावणार नाही, पण दुखण्याला जागा कमी लागते.

या सगळ्याची नक्कल नव्या कॉम्प्युटरवर करून ठेवू, असं मी सहा वर्षं म्हणत होतो. नवा कॉम्प्युटर बायकोने आईला हौसेने घेऊन दिला होता. त्यावर नातवंडांचे फोटो होते आणि बाकी शांतता. शेवटी मी नव्याला जोडायचा फ्लॉपी वाचणारा एक डबा आणला. त्याने एकही फ्लॉपी वाचली नाही.

"आई, तुमच्या फ्लॉप्या खराब झाल्यात."

"माझ्या यंत्रात तर चालतात."

"तेच तर म्हणतोय. तुमच्या यंत्रातच काहीतरी बिघाड आहे."

"चालतं त्याला बिघाड म्हणतात का हो तुमच्यात?" त्या म्हणाल्या. "तुमच्या डब्याला माझं अक्षर लागत नसेल."

हे मी म्हाताऱ्या माणसाचं बोलणं म्हणून सोडून दिलं. पुढच्या रविवारी त्या कातडं आणायला गेल्या आणि मी यंत्र उघडलं.

आत धूळ होती ती मऊ ब्रशने काढली. पंख्याला पेन अडकवून तो फिरू न देता पुसला. इथपर्यंत सदरातल्याप्रमाणे. मग फ्लॉपी वाचणारा भाग बघितला, तर त्यातली छोटी मोटर आपल्या जागेवरून तसूभर सरकलेली. मूळ जागेची खूण शेजारीच कोरलेली होती. मी स्क्रू सैल केला, मोटर खुणेवर आणली, स्क्रू आवळला. खात्रीसाठी बाहेरून आणलेली एक चांगली फ्लॉपी घातली. लगेच उघडली. त्या घरात इतकं कर्तबगार मला लग्नातही वाटलं नव्हतं.

सोमवारी सकाळी बायकोचा फोन आला. ती आईकडेच होती.

"तू काय केलंस?"

"साफसफाई."

"आईची एकही फ्लॉपी उघडत नाहीये. एकही. आणि नर्सबाई गुरुवारी येणार आहेत. त्यांच्या बुटाचा तळ फाटलाय, आतल्या बुचाचा भुगा झालाय, आणि गुरुवारपासून आठवड्याने नव्या वॉर्डात दिवसभर उभं राहायचंय त्यांना."

"आई काय म्हणतात?"

"चहा दिलाय मला. तुला माहितीये, फार रागावली की ती चहा देते."

मी गेलो. सासूबाईंनी मलाही चहा दिला. त्या नर्सबाईंशी फोनवर बोलत होत्या, "तुम्हाला काही आठवतंय का, काय काय दुखलं होतं ते?" पलीकडून आवाज ऐकू येत होता, "नाही हो बाई, दुखलं तेव्हा बोलले. आता सात जोडांचं कसं आठवेल? दुसऱ्या कुठल्या बुटात तासभरसुद्धा उभं राहवत नाही, एवढं आठवतंय."

फोन ठेवून त्या म्हणाल्या, "पहिल्यापासून सुरुवात करायची म्हणजे दोन वर्षं. आणि ही एक झाली. बाकीच्यांचं काय?"

जुनी यंत्रं दुरुस्त करणारा एकच माणूस मला ठाऊक होता. एका चष्म्यावर दुसरा चष्मा लावतो म्हणून त्याला सगळे दोनचष्मे म्हणतात. 'असल्या भंगारप्रेमींच्या नादी लागू नये,' असं मी सदरात लिहिलं होतं. नाव घातलं नव्हतं, पण दोन चष्मे घातले होते. यंत्र आणि सगळ्या फ्लॉप्या घेऊन मी आणि सासूबाई त्याच्याकडे गेलो.

त्याने सगळं ऐकलं, आत बघितलं आणि सासूबाईंना विचारलं, "हे कधी पडलं होतं का?"

"आणलं त्याच दिवशी. पायरीवरून घसरलं. नंतर चाललं, म्हणून कोणाला सांगितलं नाही."

"म्हणजे पहिल्या दिवसापासून ते तिरकं लिहीत होतं आणि तिरकंच वाचत होतं. म्हणून त्याचं त्याला बरोबर लागायचं, दुसऱ्या कोणाला लागायचं नाही. यांनी ते सरळ केलं."

"म्हणजे मी बिघडवलं," मी म्हणालो.

"छे, उत्तम दुरुस्त केलंत. तीच तर पंचाईत आहे." दोनचष्म्यांनी वरचा चष्मा काढून पुसला. "साहेब, आधी नक्कल, मग दुरुस्ती. हे कुठे लिहीत नाहीत का तुम्ही?"

लिहिलं होतं. अकरावा मुद्दा होता. जागेअभावी संपादकांनी दहाच छापले. पण हे सांगण्यात अर्थ नव्हता.

"आता परत वाकडं करता येईल?" सासूबाईंनी विचारलं.

"येईल. किती वाकडं, ते कोणालाच माहीत नाही. थोडा थोडा स्क्रू फिरवून, फ्लॉपी घालून बघत बसायचं. पण एक सांगतो बाई. या चकत्या जुन्या झाल्यात. चुकीच्या जागी पुन्हा पुन्हा वाचायला लावलं की वरचा थर खरवडला जातो. ज्या फ्लॉपीवर शोधू, ती बहुधा हातची जाईल. तेव्हा कुठली द्यायची ते तुम्ही ठरवा."

मी पटकन म्हणालो, "एखादी रिकामी द्या ना."

"रिकामीवर वाचायचं काय?"

सासूबाईंनी खोका मांडीवर घेतला. एकेक फ्लॉपी पुढे सरकवत, चिठ्ठ्या वाचत, शेवटच्या एकीवर थांबल्या. तिच्यावर चिठ्ठी नव्हती.

"ही," त्या म्हणाल्या.

"हिच्यात काय आहे?"

"गेलेले. कोणी वारलं की त्याचं पान मी इकडे आणून ठेवते. एकतीस जण आहेत."

"मग ती कशाला, आई? दुसरी एखादी..."

"दुसऱ्या सगळ्यांत चालणारी माणसं आहेत," त्या म्हणाल्या आणि फ्लॉपी दोनचष्म्यांच्या हातात दिली.

सोमवार गेला, मंगळवारही दुपारपर्यंत गेला. स्क्रू केसभर फिरवायचा, फ्लॉपी आत, घर्र घर्र, 'वाचता येत नाही', फ्लॉपी बाहेर. सासूबाई स्टुलावर बसून होत्या. प्रत्येक घरघरीला त्यांचा अंगठा बोटावर घासला जायचा, कातड्याची जाडी बघतात तसा. कितव्या तरी खेपेला पडद्यावर अक्षरं आली. त्या पुढे वाकल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या, "शिंपीबुवा. उजवा अंगठा. बसून काम, तरी दुखतो. मुलीच्या लग्नात..." तेवढ्यात आतून करकर आवाज आला आणि पडदा कोरा झाला. त्यानंतर ती फ्लॉपी उघडली नाही.

दोनचष्म्यांनी स्क्रू जिथे होता तिथेच ठेवला आणि हलू नये म्हणून त्याच्या डोक्यावर नेलपॉलिशचा लाल थेंब सोडला. मग नर्सबाईंची फ्लॉपी घातली. उघडली. सातही जोड होते. मी नव्या कॉम्प्युटरला वायर जोडून एकामागून एक पंचेचाळीस फ्लॉप्यांची नक्कल केली, आणि नकलेची नक्कल केली. कोणी सांगितलं नव्हतं. गुरुवारी नर्सबाई आल्या तेव्हा सासूबाई आधीच बूच कापत होत्या. सहाव्या दिवशी नर्सबाई नवे बूट घालून पायऱ्या उतरून गेल्या, आणि मागे वळून 'ठीक आहे' म्हणण्याइतकंही त्यांना काही जाणवलं नाही.

त्या गेल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, "बसा तिथे. मी सांगते, तुम्ही टाइप करा. माझी बोटं हळू चालतात."

"काय सांगताय?"

"गेलेल्यांचं."

त्या डोळे मिटून बसल्या. शिंपीबुवांचं त्यांना पूर्ण आठवत होतं, मुलीच्या लग्नात त्यांनी दोन तास बूट काढून ठेवले होते ते धरून. एका घड्याळजींचं आठवलं. मग एका शाळकरी मुलीचं सांगितलं. असे नऊ जण झाले. दहाव्याचं मात्र काही आठवेना. मी हात कळांवरून उचलला नाही. मग त्यांनी नुसती नावं सांगायला सुरुवात केली, एकामागून एक, बावीस नावं. ती मात्र एकही चुकली नाही.

नावांपुढे मोकळी जागा राहिली होती. "यांच्या तक्रारींत काय लिहू?" मी विचारलं.

त्यांनी बूच हातात घेतलं, उजेडात धरून बघितलं.

"लिहा," त्या म्हणाल्या, "आता काही दुखत नाही."