सिस्टरची मान आणि रॉकेटचा पाय

गाडी चालवण्याच्या परीक्षेत आपण नापास होऊ, असं सिस्टरच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पंचाहत्तरी झाली की लायसन नव्याने काढताना पुन्हा गाडी चालवून दाखवायची, असा नियम होता. त्या इस्त्रीचे कपडे घालून, ऐटीत गेल्या. प्रसूतिगृहातल्या नोकरीत त्यांनी निम्म्या गावाला जगात आणलं होतं. वेळी-अवेळी आपली छोटी गाडी काढून बाळंतिणींच्या दारात उभ्या राहिल्या होत्या, आणि एवढ्या वर्षांत गाडीला साधा ओरखडा नव्हता.

परीक्षक पोरसवदा होता. गावातून एक फेरी मारून सिस्टर कचेरीच्या आवारात परतल्या, हँडब्रेक ओढला आणि सही करायला पेन मागितलं.

"सिस्टर, नाही देता येणार लायसन," तो खाली बघत म्हणाला.

"का रे? वेग जास्त झाला?"

"छे, वेग उलट कमीच होता. पण चौकात तुम्ही उजवीकडे पाहिलंच नाही. त्या दुधाच्या गाडीवाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून आपण वाचलो."

"कुठली दुधाची गाडी?"

त्याने कागदावर फुली मारली. नापास झाल्याचं राहिलंच बाजूला. एवढं मोठं पांढरं धूड आपल्या अंगावर येत होतं आणि आपल्याला पत्ताही नव्हता, हे सिस्टरच्या जिव्हारी लागलं.

न्यायला भाचा आला. वाटेत त्याने मावशीची समजूत काढली. "आता पुरे झालं, मावशी. गाडी विकून टाकू. कुठे जायचं असेल तर मला सांगत जा."

"तुला सांगायचं म्हणजे तू येईपर्यंत ताटकळत बसायचं. जन्मालासुद्धा तू उशिराच आलास. मीच होते तिथे."



दुसऱ्या दिवशी सिस्टर बाजारामागच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेल्या. तिथले मास्तर पन्नाशीतले, पोट सुटलेले आणि थंड डोक्याचे गृहस्थ होते. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक होता आणि मास्तरांचा पाय सतत त्या ब्रेकजवळ असे. गावातून एक चक्कर झाल्यावर त्यांनी निदान केलं. "तुमची मान अर्धीच वळते, सिस्टर. उरलेलं तुम्ही अंदाजाने भागवता. आजवर अंदाज बरोबर आले, हे नशीब."

"मग सोडून देऊ?"

"आधी मानेचं बघू. मग ठरवू."

मागच्या सीटवर अठरा वर्षांचा एक मुलगा बसला होता. बेकरीवाल्याचा धाकटा. दोनदा नापास झालेला, दोन्ही वेळा वेगापायी, त्यामुळे सगळे त्याला रॉकेट म्हणत. मास्तर दोघांना एकाच वेळी शिकवणार होते. एकाने चालवायचं आणि दुसऱ्याने मागे बसून बघायचं.

"याला सगळं दिसतं, पण हा थांबत नाही," मास्तर म्हणाले. "तुम्ही थांबता, पण तुम्हाला दिसत नाही. माझं बरं आहे. मी मधल्या वयाचा, मला दिसतंही आणि भीतीही वाटते."

"आणि बायको शेजारी असते," रॉकेट म्हणाला.

"ती तर मागच्या सीटवरूनही ब्रेक मारते," मास्तरांनी मान्य केलं.

सिस्टरनी फिजिओथेरपिस्टकडून मानेचे व्यायाम शिकून घेतले. जन्मभर दुसऱ्यांना व्यायाम सांगणाऱ्या बाईला ते स्वतः करायचा विलक्षण कंटाळा. सकाळी आरशासमोर उभ्या राहून कुरकुरत मान फिरवत. मास्तरांनी गाडीत जास्तीचा एक रुंद आरसा लावला. तरी चौक आला की सिस्टरची नजर सवयीने सरळच जाई आणि मागून रॉकेट हळूच सांगे, "सायकल, आजी. उजवीकडे."

"तू सांगायचं नाही," मास्तर त्याला दटावत.

"आणि आजी म्हणायचं नाही," सिस्टर म्हणत.

हळूहळू सिस्टरच सायकल आधी बघायला लागल्या. एकदा तर फाटकामागून निघालेलं कुत्रं त्यांना रॉकेटच्या आधी दिसलं. दिवसभर त्या खुशीत होत्या.

रॉकेटही बरा चालवू लागला होता. पण एके दिवशी त्याने मास्तरांना विचारून आपल्या मित्राला मागे बसवलं, सिस्टरच्या शेजारी. गाडी निघाली आणि मित्राचं तोंड सुरू झालं. "काय गोगलगायीसारखा चाललायस? लाव ना जोर!"

पुढे एक ट्रॅक्टर रमतगमत चालला होता. समोर वळण. रॉकेटचा पाय दबला, गाडी ट्रॅक्टरच्या बाजूने पुढे सुटली आणि वळणावरून बस आली. मास्तरांनी आपल्या पायाशी असलेला ब्रेक दाबला. गाडी कशीबशी पुन्हा ट्रॅक्टरच्या मागे शिरली. बस हॉर्न वाजवत निघून गेली.

मास्तरांनी गाडी कडेला घ्यायला लावली.

सिस्टर मित्राकडे वळल्या. "मीसुद्धा आयुष्यभर 'जोर लाव' हेच सांगत आले, बाळा. पण कधी लावायचा ते मला कळायचं. चुकीच्या वेळी लावला तर दोन जीव जातात."

मित्राने मान खाली घातली.

"मी एकटा असताना असं करत नाही, सिस्टर," रॉकेट पुटपुटला. "खरंच."

"माहीत आहे, मी रोज बघते ना. म्हणून म्हणते, पास झालास तरी थोडे महिने मित्रांना बसने येऊ दे. तुझ्या पायाला अजून अक्कल यायचीय."

त्यावर पहिला हसला तो मित्रच.

पुढच्या महिन्यात दोघांची परीक्षा एकाच सकाळी आली. रॉकेट आधी गेला आणि गंभीर चेहऱ्याने पास होऊन आला. मग सिस्टर. परीक्षक तोच. चौकात त्यांनी मान एवढी वळवली की तो दचकला. परत आल्यावर तो मनापासून म्हणाला, "उत्तम."

"थांब, लिहू नकोस एवढ्यात," सिस्टर म्हणाल्या. "तू विचारलं नाहीस, पण अंधार पडला की समोरच्या दिव्यांनी माझे डोळे दिपतात. लायसन दे, पण फक्त दिवसाचं."

परीक्षकाने पेन खाली ठेवलं. "असं कोणी आपणहून सांगत नाही, सिस्टर."

"कोणी सांगत नाही म्हणूनच तुमची नोकरी आहे."

दिवसाचं लायसन मिळालं. भाच्याने गाडी विकायचा विषय पुन्हा काढला नाही. उलट स्वतःच्या मुलीला शाळेतून आणायला मावशीलाच सांगू लागला.

संध्याकाळचा प्रश्न रॉकेटने सोडवला. सिस्टरच्या मैत्रिणी दर शनिवारी गावाबाहेरच्या एका घरी पत्ते खेळायला जमत. बेकरी बंद झाली की रॉकेट सिस्टरना त्यांच्याच गाडीतून तिथे सोडी आणि परत आणी. सुरुवातीला त्या शेजारी ताठ बसून प्रत्येक वळणावर दाराची कडी पकडत. मग कडी सुटली. मग गप्पा वाढल्या.

एका शनिवारी भरपूर हरून, भरपूर हसून त्या गाडीत बसल्या आणि पुलापलीकडे जाईपर्यंत त्यांचा डोळा लागला. रॉकेटने शेजारी पाहिलं. त्याने गाडी आणखी सावकाश केली. मागच्याने हॉर्न वाजवला, त्याला हात दाखवून पुढे जाऊ दिलं. घरासमोर आल्यावर इंजिन बंद केलं आणि सिस्टरना उठवलं नाही. त्या आपणहून जाग्या होईपर्यंत तो तसाच बसून राहिला, दोन्ही हात स्टीअरिंगवर, छाती थोडी पुढे काढून.