तिसऱ्या घराची खिडकी

दुसऱ्या आणि तिसऱ्या घराच्या फोटोंतली खिडकी एकच आहे, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा बाबांना जाऊन दोन महिने झाले होते.

बाबांनी एका खासगी कंपनीत पस्तीस वर्षं बांधकामाचे नकाशे काढले. निवृत्त होताना हातात आलेल्या रकमेत आमच्या शहरात फार तर एक मोटार उभी करण्याइतकी जागा आली असती. म्हणून त्यांनी रेल्वेने दीड दिवस लागणाऱ्या एका गावात, एकाच ओळीतली तीन लहान घरं घेतली आणि भाड्याने दिली. ती त्यांनी कधीच पाहिली नाहीत. नकाशा पाहिला म्हणजे घर पाहिलं, असं ते म्हणत. गुडघे दुखत, हेही एक कारण होतं.

भाडेकरू, गळती, कुलपं हे सगळं तिथल्या एक बाई बघत. आमच्याकडे त्यांचं नाव ‘तिकडच्या बाई’. "तुमच्या तिकडच्या बाईंचा फोन आलाय," असं म्हणताना आई ‘तुमच्या’वर जरा जास्तच जोर द्यायची. दर तीन महिन्यांनी बाईंनी प्रत्येक घराचा आतून फोटो पाठवायचा, खिडकीला मोजायची टेप लावून, अशी बाबांची अट होती. ते फोटो छापून, तारीख घालून फाइलमध्ये लावत.

बाबा गेल्यावर बाईंकडून टपालाने एक मुखत्यारपत्र सहीसाठी आलं. तिन्ही घरांचे करार महिनाअखेर संपत होते. नव्या करारांवर मालकाची सही हवी, मालक आता आई, आणि आई एवढा प्रवास करू शकत नाही. तेव्हा आईने बाईंना सह्यांचा अधिकार द्यावा, असं ठरलं होतं. म्हणजे बाईंनीच ठरवलं होतं.

"टाकते करून सही," आई म्हणाली. "नऊ वर्षं बघतायत त्या."

"नऊ वर्षं आपण कुठे काय बघितलंय?"

"अगं, करार नाही झाले तर भाडेकरू जातील. मग मी खाऊ काय, तुझ्या शंका?"

तिचं चुकीचं नव्हतं. तिचं घर त्या भाड्यावर चालत होतं. पण कागदाच्या सातव्या कलमात ‘भाड्याने देणे, दुरुस्ती करणे’च्या पुढे ‘आणि विक्री करणे’ असंही होतं, अगदी सहज, वाक्याच्या शेपटीला. त्या रात्री मी फाइल घेऊन बसले नाही, कारण बाबांच्या टेबलाशी जायचं धैर्य मला तेव्हा रोज होत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी बसले.

दुसऱ्या घराच्या खिडकीच्या कडीला एक स्क्रू नव्हता. तिसऱ्या घराच्या कडीलाही तोच नव्हता. दोन्हीकडे खाली प्लगच्या बाजूला इस्त्रीचा चटका, एकाच आकाराचा. मागे मागे जात सहा वर्षं बघितली. तिसऱ्या घराचा म्हणून दुसऱ्याचाच फोटो, फक्त टेप थोडी तिरकी धरून.

ज्या माणसाने औषधाच्या पाकिटावरची तारीख भिंगातून वाचल्याशिवाय कधी गोळी घेतली नाही, त्याला हे दिसलं नाही? की दिसूनही त्याने सोडून दिलं? दोन्ही गोष्टी मला मान्य होईनात. कुठेतरी पाणी मुरत होतं. तिसरं घर विकून टाकलेलं असेल, किंवा मुळात नसेलच, आणि आता विक्रीचा अधिकार मिळाला की सगळंच कागदावर जुळून येईल.

मी तीन नकाशे आणि सही न झालेलं मुखत्यारपत्र पिशवीत घातलं आणि गाडी पकडली. फोटोंचं आईलाही सांगितलं नाही.

बाई स्टेशनवर आल्या होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, हातात चाव्यांचा भला मोठा जुडगा. प्रत्येक चावीच्या डोक्याला वेगळ्या रंगाचं नेलपॉलिश.

"नखांना लावायला वेळ कुठला," माझी नजर बघून त्या म्हणाल्या. "तुमच्या वडिलांचा रंग जांभळा. बसा मागे."

"आधी तिसरं घर बघू," स्कूटरवर बसताना मी म्हटलं.

"तिसरं राहू दे, ताई. तिथल्या भाडेकरू मावशी कामावर असतात या वेळी. पहिली दोन दाखवते, दोन्हींचे लोक घरी आहेत."

"मी थांबेन मावशींसाठी."

त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "अगदी साहेबांसारखं बोलता," म्हणाल्या, आणि ते कौतुक होतं की काय, मला कळलं नाही.

घरं ओळीतच होती. पत्र्याचं छप्पर, पुढे दोन पायऱ्या, दारावर रंगाने लिहिलेले आकडे. म्हणजे तिसरं घर होतं तरी. दुसऱ्या घरात जाऊन मी कडी पाहिली. एक स्क्रू नव्हता. चटका जागेवर होता.

"फोटोतली आहे ना हीच?" मी विचारलं.

"हो, हीच," बाई म्हणाल्या.

"आणि तिसऱ्याचा फोटो?"

चाव्या हातातल्या हातात थांबल्या. "साहेबांनी तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

"काय?"

"मग मी काय सांगू? तुम्ही म्हणाल, मेलेल्या माणसाच्या नावावर खपवतेय. मावशींनाच विचारा."

मावशी दुपारी आल्या. इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुण्याचं काम. हातांची कातडी पाण्याने पांढरी पडलेली. बाईंनी माझी ओळख करून दिली तरी त्यांनी दार वीतभरच उघडलं आणि त्या फटीत स्वतः उभ्या राहिल्या.

"आत बघायचंय," मी म्हटलं. "एक फोटो घेते, लगेच जाते."

"भाडं कधी चुकवलंय मी?"

"नाही. पण घर आमचं आहे."

"भिंती तुमच्या. मी झोपते तिथे टेपा लावून फोटो काढायचे, हे कुठल्या करारात लिहिलंय?" मग माझ्या हातातल्या फोनकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आधी तुमच्या घराचा दाखवा ना. आतला."

मला हे सहज जमण्यासारखं वाटलं. मी फोन उघडला. गेल्या चार महिन्यांतले आमच्या घराचे जेवढे फोटो होते, ते सगळे एकाच खोलीचे होते. डॉक्टरांना पाठवायला काढलेले. बाबांच्या पायांची सूज. उशीपाशी गोळ्यांचा डबा. झोपेत उघडं राहिलेलं तोंड. मी सरकवत राहिले, आणि मग फोन बंद करून पिशवीत टाकला.

मावशींनी माझ्या पिशवीकडे पाहिलं. दार मात्र तेवढंच उघडं राहिलं.

"नकाशेवाल्यांची मुलगी का तुम्ही?" त्यांनी विचारलं. "त्यांचा फोन आला होता मला. फार वर्षं झाली. फोटो का देत नाही विचारलं. मी हेच सांगितलं, तर म्हणाले, बरं, मग निदान खिडकी आत उघडते की बाहेर, ते सांगा. म्हटलं, बाहेर. तर म्हणतात, नकाशात आत दाखवलीये. मी म्हटलं, तुमचा नकाशा चुकलाय मग. हसले."

"आणि मला म्हणाले," बाई मागून बोलल्या, "फाइलमध्ये तीन फोटोंची जागा आहे, एक रिकामी दिसली की माझी बायको काळजी करते. दुसऱ्याचाच पाठवा दोनदा."

मी पायरीवर बसून तिसऱ्या घराचा नकाशा उलगडला. खिडकी कुठे उघडते ते दाखवणारी शाईची कमान आतल्या बाजूला होती. तिच्यावर बारीक फुली, आणि बाहेरच्या बाजूला पेन्सिलने काढलेली दुसरी कमान. शेजारी बाबांची दोन आद्याक्षरं आणि सहा वर्षांपूर्वीची तारीख. घरी मी हा कागद चारदा तरी पाहिला होता. मी फक्त चोरी शोधत होते.

कागदाची घडी घालायला मला बराच वेळ लागला.

बाईंची कचेरी म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातलं एक टेबल. तिथे मी मुखत्यारपत्र काढलं आणि त्यांच्यासमोर सातव्या कलमातल्या ‘आणि विक्री करणे’वर रेघ ओढली.

"ते सगळ्यांच्याच कागदात असतं, ताई. वकिलाचा साचा आहे."

"असेल."

"उद्या गिऱ्हाईक आलं, तर?"

"कोणी विचारलंय का?"

त्यांनी उत्तर द्यायला एक क्षण जास्त घेतला. "विचारतात लोक. रस्ता रुंद होतोय, म्हणून विचारतात. मी कोणाला शब्द दिलेला नाही."

मी त्यांचा चेहरा निरखला. बाबांनी नऊ वर्षं त्यांना फोनवर ओळखलं होतं आणि मी त्यांच्यासमोर बसूनही त्या एका क्षणाचा अर्थ लावू शकत नव्हते. मी आईला फोन लावला.

"कशा आहेत गं बाई?"

"कामाच्या आहेत."

"म्हणजे चांगल्याच ना?"

समोर बाई चाव्या निवडत होत्या, कान इकडेच.

"नव्याने टाइप केलेला कागद आणते, भाड्यापुरती सही कर. विकायचं मी काढून टाकलंय."

"रागावल्या का त्या?"

"माहीत नाही. आणि आई, दर तीन महिन्यांनी मी येत जाईन इथे."

"एवढ्या लांब? कशाला?"

"बघायला."

फोन ठेवल्यावर बाईंनी जुडगा टेबलावर ठेवला. "म्हणजे फोटो बंद?"

"बंद."

"तिकीट आधीच काढून ठेवत जा," त्या म्हणाल्या. "आयत्या वेळी या गाडीला जागा मिळत नाही."