चिमूटभर रक्त

रविवारी सकाळी राजव्वाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती; तिच्याकडे एक स्वामी उतरले होते. आर्मूरकडच्या आमच्या विडी-वस्तीतल्या बाया सुपातला तंबाखू तसाच टाकून आल्या होत्या.

"हे रक्त कुणाचं?" भास्करस्वामींनी पिवळ्या पाण्याची वाटी उंच धरली. "तुमचं! विड्या वळून वळून पिवळं पडलेलं. आणि हे माझं सूर्यान्न. बघा!"

चिमूटभर पांढरं चूर्ण वाटीत पडलं आणि पाणी लालभडक झालं. बायांचे हात आपोआप जोडले गेले.

"डाळीनं पोट जड होतं, अंड्यानं बुद्धी! भातावर एवढीशी चिमूट घाला. डाळ सुटली, अंडं सुटलं, भाजी सुटली. महिनाभराची पुडी फक्त शंभराला!"

हेच आधी ऐकून विड्या वळणाऱ्या लच्चव्वानं घरातली डाळ बंद केली होती. मी शाळेत शिकवते; तिची लेक अखिला माझ्या वर्गातली. आधीच्या आठवड्यात प्रार्थनेच्या वेळी उभ्या उभ्या कोसळली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिची पापणी खाली ओढून पाहिली आणि विचारलं, "अंगात रक्तच नाही. पोरगी खाते काय?"

"भात. आणि चूर्ण," लच्चव्वा म्हणाली.

मी तिला खूप बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "टीचरम्मा, तुमचा पगार येतो. मी डाळ घेतली तर तेल राहून जातं, तेल घेतलं तर भाजी राहून जाते. स्वामींनी निदान वाट तरी दाखवली."

नुसत्या बोलण्यानं भागणार नव्हतं. म्हणून त्या रविवारी पिशवीत हळद आणि लिंबू टाकून मीच तिथं गेले. लच्चव्वाही आली, पण माझ्या बाजूला नाही, स्वामींच्या पायाशी बसली.

"स्वामी, रक्त मीही करून दाखवते," मी म्हणाले. लोटाभर पाण्यात हळद कालवली. म्हाताऱ्या पोशव्वाकडून तिची पानाची डबी मागितली, बोटभर चुना पाण्यात सोडला. पाणी लाल!

"अगं बाई, हा तर माझा चुना!" पोशव्वा ओरडली. "मग मी जन्मभर रक्तच खाते की काय!"

अंगण खदखदून हसलं.

"नास्तिक बाईच्या हातून झालेलं रक्त खोटं असतं," स्वामी गुरगुरले.

"मग तुमचं खरं रक्त लिंबाला घाबरायचं नाही." त्यांच्या वाटीत मी लिंबू पिळलं. लाल पाणी बघता बघता पुन्हा पिवळं झालं. "हळदीला चुना लागला की लाल, आंबट लागलं की पिवळी. तुमच्या पुडीत चुना आहे आणि तांदळाचं पीठ. बाकी काही नाही."

बाया वाटीकडे वाकल्या. लच्चव्वा उठली. स्वामींच्या समोर उभी राहिली.

"स्वामी, काल राजव्वानं तुम्हाला कोंबडी करून घातली. तुम्ही तुमची चिमूट का नाही खाल्ली?"

"लच्चव्वा, तू पापाची धनी होशील!"

"होईन. माझी पोरगी उपाशी ठेवली, त्याहून मोठं पाप कुठलं आणणार तुम्ही? पुड्या घ्या, पैसे काढा. नाही तर इथून हलू देणार नाही."

बाया फाटकाशी बसल्या. स्वामींनी पैसे काढले तेव्हाच फाटक उघडलं.

त्या पैशांचं काय करायचं, हेही लच्चव्वानंच ठरवलं. गल्लीतला दुकानदार मूठ-मूठ डाळ बांधून देतो, आणि तीच सगळ्यात महाग पडते. बायांनी मिळून आर्मूरच्या बाजारातून तुरीचं पोतं आणलं, शेंगदाणे आणले, पोशव्वाच्या अंगणात वाटून घेतले. तरी महिना पुरेल एवढं नव्हतंच. मग सगळ्याजणी रेशन दुकानावर गेल्या.

"नुसत्या तांदळावर पोरं उभी राहत नाहीत," लच्चव्वानं काउंटरवर हात आपटला. "डाळ द्या."

"वरून येत नाही, अक्का."

"मग वर कुठं जायचं ते सांग. आम्ही जातो."

पुढच्या सोमवारी वीस-बावीस बाया तालुक्याच्या कचेरीत गेल्या. अजून जातात. डाळ अजून आलेली नाही. अखिला वर्गात बसते, पण अजून धाप लागते. डॉक्टर म्हणतात, लोहाच्या गोळ्या आणि नीट जेवण चालू राहिलं तर रक्त भरून येईल, पण वेळ लागेल.

बायांनो, रक्त चिमटीत होत नाही, जेवणातून होतं. आणि ते जेवण परवडत नसेल, तर ते आपल्या नशिबाचं नाही, कुणीतरी ठरवलेल्या भावाचं काम आहे. चमत्कार मागू नका. डाळ मागा, मोठ्यानं मागा.